‘प्रकाशित करा’चं बटण कुणाच्या हातात?

प्रश्न : आमचं एक छोटं त्रैमासिक आहे. जुन्या अंकांतले निवडक ३१२ लेख वेबसाइटवर चढवायचं ठरवलं आहे. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या प्रणालीवर आहे, डोमेन आमचंच. वर्ड फाइल उघडायची, मजकूर कॉपी करायचा, शीर्षक, लेखकाचं नाव, विभाग, फोटो असं करत एका लेखाला माझी १५ मिनिटं जातात. पुण्याच्या भाच्याने पायथॉनमध्ये सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या अवजाराची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहून दिली. क्रोम आपोआप उघडतो, लॉगिन होतं, लेख चढतो आणि प्रकाशितही होतो. पहिले तीन आठवडे छान गेले. मग काही लेख बिनशीर्षकाचे चढले, चार लेख दोन-दोनदा दिसू लागले, आणि गेल्या सोमवारपासून क्रोम उघडतच नाही. भाचा परीक्षेत अडकला आहे. ही पद्धतच चुकीची आहे का? सगळं सोडून पुन्हा हाताने करायला घेऊ?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हाताने करायला घेऊ नका. ३१२ लेख, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे ७८ तास होतात. रोज संध्याकाळी तासभर बसलात तरी अडीच महिने नुसते कॉपी-पेस्टमध्ये जातील. तो वेळ लेख पुन्हा वाचण्यात घाला. वाचायला वेळ लागणारच आहे, आणि तो का, ते पुढे सांगते.

आधी भाच्याची बाजू घेते. त्याने दिलेलं अवजार चांगलं आहे, फक्त ते घडलं दुसऱ्या कामासाठी. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम सुरू केलं, ते वेब ॲप्लिकेशनची चाचणी घेण्यासाठी. बटण दाबल्यावर अपेक्षित ते घडतं का, हे माणसाने शंभरदा तपासण्यापेक्षा ब्राउझरलाच तपासायला लावायचं. चाचणीच्या साइटवर तेच बटण दहा वेळा दाबलं गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. प्रकाशनात पुसायची सोय नाही. एकदा बटण दाबलं गेलं की लेख वाचकाच्या फोनपर्यंत पोचलेला असतो.

हे मी सहन करून शिकले आहे. वेबसाइटच्या कामात येण्याआधी मी ११ वर्षं सांगलीत एका छापखान्यात जुळणी आणि प्रूफं बघायचे. २०१९ च्या पावसाळ्यात एका मासिकाच्या साइटचं काम माझ्याकडे होतं आणि तुमच्या भाच्यासारखीच स्क्रिप्ट मी मोठ्या हौसेने लिहिली होती. ‘प्रकाशित’ बटण दाबायचं, ‘लेख प्रकाशित झाला’ ही पट्टी दिसेपर्यंत १० सेकंद थांबायचं, नाही दिसली तर पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करायचा, असं त्यात होतं. त्या रात्री इंटरनेट रडतखडत चाललं होतं. लेख पहिल्याच क्लिकला प्रकाशित झाला होता, पण पट्टी वेळेत आली नाही. स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. सकाळी साइटवर एकाच लेखाच्या नऊ प्रती होत्या, आणि साइटच्या वर्गणीदारांना नऊ ई-मेल गेल्या होत्या. तो लेख एका निवृत्त मुख्याध्यापकांवरचा श्रद्धांजलीचा होता. साडेआठला त्यांच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, ‘ताई, बाबांची बातमी नऊ वेळा आली. आईने प्रत्येक वेळी उघडली.’

त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही स्क्रिप्टला प्रकाशनाचं बटण दाबायची परवानगी नाही. तुम्हालाही माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच आहे : चढवण्याचं काम स्क्रिप्टला द्या, प्रकाशित करण्याचं तुमच्याकडे ठेवा. आता एकेक दुखणं बघू.

क्रोम उघडत नाही, याचं बहुधा साधं कारण आहे. सेलेनियम आणि क्रोम यांच्यामध्ये क्रोमड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम दुभाष्याचं काम करतो. क्रोम स्वतःहून अपडेट होतो, पण भाच्याने डाउनलोड करून फोल्डरात ठेवलेला क्रोमड्रायव्हर जुनाच राहतो, आणि दोघांची आवृत्ती जुळेनाशी झाली की काम तिथेच थांबतं. स्क्रिप्ट चालवताना उघडणाऱ्या काळ्या खिडकीत ‘सेशन नॉट क्रिएटेड’ असं काही दिसत असेल तर दुखणं हेच. सेलेनियमच्या ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, योग्य ड्रायव्हर शोधून आणायची सोय त्याच्या आतच आहे. सेलेनियम अद्ययावत करा आणि ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता लिहिलेली ओळ स्क्रिप्टमधून काढून टाका.

बिनशीर्षकाचे लेख का चढले? डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं आणि त्याबरोबर ठोकळ्यांचा नवा ‘संपादक’, म्हणजे लेख टाइप करायचं पान, आलं. हे पान एकदम उभं राहत नाही, तुकड्यातुकड्याने जुळत जातं. भाच्याने स्क्रिप्टमध्ये ‘५ सेकंद थांब’ असं लिहिलं असणार. पुण्याच्या फायबरवर ५ सेकंद भरपूर झाले. तुमच्याकडे एखाद्या संध्याकाळी पाचात पान अर्धंच आलं असेल, शीर्षकाची जागा तयार नव्हती आणि टाइप केलेली अक्षरं हवेत गेली. कधी स्वागताची चौकट मध्येच उघडते आणि क्लिक तिच्यावर पडतो. यावर सेकंद वाढवत बसणं हा उपाय नव्हे. ‘अमुक जागा दिसेपर्यंत थांब’ अशी अट घालता येते, ती घालायची. आणि शीर्षक टाइप झाल्यावर ते परत वाचून घ्यायचं, रिकामं असेल तर पुढे न जाता थांबायचं.

या संपादकात टाइप करणाऱ्या स्क्रिप्टची आणखी एक पंचाईत असते. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि जागा आली की तो यादी करायची आहे असं समजतो. ‘- संपादक’ अशी सही असलेली आमची सगळी निवेदनं मी कधीकाळी ठिपक्यांच्या यादीत गेलेली पाहिली आहेत. तुमच्या चढलेल्या लेखांत कवितांच्या आणि संवादांच्या ओळी नीट बघा.

पण हे सगळं दुरुस्त करण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. स्क्रिप्टला माणसाच्या बोटांची नक्कल करायला लावायची गरज आहे का? तुमच्या बाबतीत नाही. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसने लेख चढवण्यासाठी प्रोग्रॅमना वेगळं दार ठेवलं आहे, त्याला रेस्ट एपीआय म्हणतात. शीर्षक, मजकूर, विभाग आणि ‘हा मसुदा आहे’ ही सूचना, असं एक पाकीट स्क्रिप्ट थेट सर्व्हरला देते आणि सर्व्हर उत्तरात लेखाचा क्रमांक देतो. क्रोम उघडायचा नाही, पट्टीची वाट बघायची नाही, ठोकळे जुळवायचे नाहीत. भाच्याला परीक्षेनंतर एक दुपार पुरेल. वर्ड फाइल वाचायचा त्याचा भाग आहे तसाच चालेल.

ब्राउझर चालवायची स्क्रिप्ट लागते ती जिथे असं दारच नसतं तिथे. एका संस्थेच्या जुन्या, घरच्या घरी बनवलेल्या साइटसाठी मी आजही ती वापरते. तिथे मात्र मी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट हे सेलेनियमसारखंच अवजार घेतलं, कारण बटण दिसेपर्यंत आणि दाबण्याजोगं होईपर्यंत ते आपणहून थांबतं. त्यात एकदा केलेलं लॉगिन फाइलमध्ये साठवता येतं. ती फाइल म्हणजे घराची किल्लीच समजा, ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

किल्लीवरून आठवलं. तुमचा ॲडमिनचा पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलेला आहे का ते बघा. असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर आजच बदला. नंतर साइटवर स्क्रिप्टच्या नावाने एक वेगळा सदस्य तयार करा आणि त्याला भूमिका द्या ‘कॉन्ट्रिब्यूटर’ची. या भूमिकेचा माणूस मसुदे लिहू शकतो, पण प्रकाशित करू शकत नाही. मग स्क्रिप्टमध्ये कुणी चुकून ‘प्रकाशित’ लिहिलं तरी सर्व्हरच तिला अडवतो. स्क्रिप्टच्या शहाणपणावर आपण अवलंबून राहत नाही. कॉन्ट्रिब्यूटरला फोटो चढवता येत नाहीत, तर फोटो तुम्ही तपासताना लावा. तेवढंच तुमचं लेखाकडे पुन्हा एकदा लक्ष जाईल. त्या सदस्याच्या प्रोफाइलमध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ बनवता येतो. डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून ही सोय आहे. २४ अक्षरांचा हा पासवर्ड फक्त प्रोग्रॅमसाठी असतो आणि एका क्लिकमध्ये रद्द करता येतो. साइट एचटीटीपीएसवर (पत्त्याची सुरुवात https ने होणारी) असायला हवी एवढीच अट.

आता दुबार लेख. यावर माझा उपाय छापखान्यातला आहे : आवक-जावक नोंदवही. एका तक्त्यात प्रत्येक फाइलची एक ओळ ठेवा. फाइलचं नाव, ‘पाठवायला घेतला’ याची वेळ, सर्व्हरने दिलेला क्रमांक, तपासल्याची खूण. स्क्रिप्टने पाठवण्याआधी वेळ लिहायची आणि उत्तर आल्यावर क्रमांक लिहायचा. पुढच्या खेपेला ज्या ओळीत क्रमांक आहे ती सोडून द्यायची. ज्या ओळीत वेळ आहे पण क्रमांक नाही, तिथे मधल्या मध्ये काहीतरी तुटलं आहे. अशा ओळीवर स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न करायचा नाही, थांबून तुम्हाला विचारायचं. तुम्ही साइटवर जाऊन बघाल, लेख तिथे असेल तर क्रमांक हाताने भराल. माझ्याकडे ही एक ओळ असती तर ती नऊ पत्रं गेली नसती. हा तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये ठेवणार असाल तर भाच्याला ‘यूटीएफ-८-सिग’ या एन्कोडिंगमध्ये लिहायला सांगा, नाहीतर एक्सेल ती उघडताना मराठीचा पार चुरा करतो.

मराठी शीर्षकांचं एक दुखणं बरेच जण विसरतात. लेखाच्या वेबपत्त्यातलं शीर्षक वर्डप्रेस २०० चिन्हांत बसवतं. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह त्या पत्त्यात नऊ चिन्हं खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हांत शीर्षक कापलं जातं. ‘वाशिष्ठी नदीकाठची गावं आणि माणसं’ या शीर्षकाचा पत्ता ‘गावं’च्या आसपासच संपेल, आणि ‘वाशिष्ठी नदीकाठची गावं आणि’ अशीच सुरुवात असलेल्या दुसऱ्या लेखाच्या पत्त्याला नुसता २ हा आकडा जोडला जाईल. पाकिटात रोमन अक्षरांतला छोटा पत्ता आणि अंकाचं वर्ष स्क्रिप्टला वेगळं द्यायला लावा.

आणि आता वाचण्याबद्दल. तुमचे जुने अंक युनिकोड या आजच्या प्रमाण लिपिसंकेताच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेले असतील आणि वर्ड फाइली फाँट बदलणाऱ्या परिवर्तकातून निघालेल्या असतील, असं मी धरून चालते. या प्रवासात सर्वांत आधी जखमी होतो तो ‘ऱ्य’. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यातल्या एका तऱ्हेत न दिसणारा एक जोडक असतो. मजकूर ‘साफ’ करणारी एखादी ओळ तो जोडक काढून टाकते आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. हे निदान डोळ्यांना खुपतं तरी. पण मागे कोकणातल्या भटकंतीवरचा एक लेख माझ्याकडे आला होता. मूळ छापील अंकात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होतं, पडद्यावर ‘सह्याद्रीच्या दर्या’. दोन्ही शब्द मराठीतच आहेत, दोन्ही शुद्ध आहेत, आणि दऱ्यांच्या जागी समुद्र येऊन बसला होता. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम यावर काहीही बोलत नाही. तसंच पंगतीच्या वर्णनात ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं तर स्वयंपाकी थेट मठात पोचतात.

स्क्रिप्ट इथे थोडी मदत करू शकते. ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून त्या लेखापुढे यादी लिहायला तिला सांगा. सूर्य, कार्य, धैर्य बरोबर. दुसर्या, सार्या, बिचार्या चूक. दर्या आला की मूळ अंक उघडायचा. हे ठरवणं तुमचं काम आहे, कारण चिपळूणच्या माणसाला त्या वाक्यात दरी आहे की दर्या हे वाचताक्षणी कळतं.

छापखान्यात शेवटच्या प्रुफावर संपादकाची ‘छापावे’ अशी सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. आमचा यंत्रचालक कितीही घाई असली तरी सहीचा कागद हातात घेऊनच शाई लावायचा. मसुदा म्हणजे तुमचं ते प्रूफ. रोज दहा मसुदे चढू द्या, संध्याकाळी चहा घेऊन बसा, वाचा, फोटो लावा, प्रकाशित करा. ३१२ लेख महिन्याभरात होतील, आणि ते तुम्ही वाचलेले असतील. चार दुबार लेखांपैकी ज्या प्रतीचा दुवा लोकांना पाठवला गेला आहे ती ठेवा, दुसरी कचऱ्यात टाका.

प्रश्न : माझा पाककृतींचा ब्लॉग ब्लॉगरवर आहे. वहीत लिहिलेल्या पाककृती मुलगी टाइप करून देते. त्या आपोआप चढाव्यात म्हणून स्क्रिप्ट केली, पण गूगलच्या लॉगिनलाच ‘हा ब्राउझर सुरक्षित नसावा’ असा संदेश येतो. स्क्रिप्ट चालवतेय हे गूगलला कळूच नये अशी एक युक्ती एकाने सुचवली आहे. वापरू का?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : नका वापरू. त्या एका खात्यात तुमचा ब्लॉगच नाही, तुमची मेल आहे, नातवंडांचे फोटो असतील, कदाचित बँकेच्या सूचनाही येत असतील. पाककृती चढवायला म्हणून खातंच बंद पडायचा धोका पत्करायचा नाही. लपूनछपून लॉगिन करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आणि चोरात गूगलने फरक कसा करायचा? त्यांनी अडवलं हे बरंच केलं.

ब्लॉगर जुनं घर आहे. १९९९ मध्ये पायरा लॅब्जने ते सुरू केलं, २००३ मध्ये गूगलने घेतलं. त्याच्या सेटिंगमध्ये ई-मेलने लेख पाठवायची सोय आहे. तुम्ही एक गुप्त शब्द निवडायचा, त्यातून एक खास ई-मेल पत्ता तयार होतो, आणि त्या पत्त्यावर पाठवलेल्या मेलचा विषय हे शीर्षक होतं, मजकूर हा लेख. तिथेच ‘लगेच प्रकाशित करा’ आणि ‘मसुदा म्हणून ठेवा’ असे पर्याय आहेत. मसुदा निवडा. मुलगी टाइप करून मेल पाठवेल, तुम्ही फोनवर उघडून मिठाचं प्रमाण बघाल आणि प्रकाशित कराल. चमचा आणि वाटी यांची गल्लत मी स्वतः एका साइटवर निस्तरली आहे, म्हणून मुद्दाम सांगते. तो खास पत्ता मात्र कुणाला कळू देऊ नका, ज्याला तो माहीत आहे तो तुमच्या ब्लॉगवर लिहू शकतो. जास्तच मजकूर असेल तर ब्लॉगरचाही एपीआय आहे, पण तुमच्या वहीसाठी मेल पुरे.

प्रश्न : दर एकादशीला पहाटे ५ वाजता अभंगाचं निरूपण साइटवर यावं म्हणून रात्रभर संगणक चालू ठेवतो. टास्क शेड्यूलर ५ ला ब्राउझर उघडून लेख प्रकाशित करतो. वीज गेली की सगळं बोंबलतं. वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक वापरून पाहिलं, तर लेख पावणेसातला आला.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : संगणक रात्री बंद करून झोपा. वर्डप्रेसचंच वेळापत्रक वापरायचं, फक्त त्याला एक जोड द्यायची. वर्डप्रेसचं घड्याळ स्वतःहून टिकटिकत नाही. साइटवर कुणी आलं की त्या भेटीच्या निमित्ताने ते ठरलेली कामं तपासतं. पहाटे ५ ला तुमच्या साइटवर कुणी नव्हतं, पावणेसातला पहिला वाचक आला आणि लेख बाहेर पडला. तुमच्या होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवली आहे तिथल्या) पॅनेलमध्ये ठरलेल्या वेळी काम करून घेणारी क्रॉन जॉब नावाची सोय असेल. तिथे साइटची ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ ही फाइल दर १५ मिनिटांनी उघडायची सूचना लावा, नाहीतर होस्टिंगवाल्यांना फोन करून लावून घ्या. निरूपण आदल्या दिवशी वाचून, पटलं म्हणजे वेळ लावून ठेवा.

एक गोष्ट तेवढी आजच बघा. सेटिंगमध्ये ‘सामान्य’ या पानावर टाइमझोन कोलकाता आहे ना? तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिलं असेल तर तुम्ही लावलेले पहाटेचे ५ म्हणजे आपले सकाळचे साडेदहा होतील. आणि क्रॉन जॉबला कधी नेमकी वेळ द्यायची झालीच तर उलटं गणित करावं लागेल, कारण सर्व्हरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी यूटीसीवरच चालतं : एकादशीचे पहाटेचे ५ म्हणजे तिथे दशमीच्या रात्रीचे ११.३०.